झोळीत राहिलेली कुंची

बाळाच्या कपाळाला हात लावायचा तो हाताच्या पाठीनं, तळव्यानं नाही. तळवा भांडी घासून, सुया उकळून, बर्फाचे डबे उचलून राठ झालेला असतो, त्याला गार-गरम धड कळत नाही. हाताच्या पाठीला कळतं. तीस-एक वर्षं मी नर्सबाई होते. त्यातलं मला खरोखर येत असलेलं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगीन. सुई टोचायला काय, कुणालाही शिकवता येतं.

आमच्या निवृत्त मंडळींचा दिवाळी अंक निघतो. संपादक म्हणजे आमच्याच खात्यातले जुने लेखनिक. त्यांचा फोन आला, "बाई, नोकरीतलं काहीतरी लिहा. पण कधी लागलात, कुठं बदली झाली, हे नको. ते सगळ्यांचं सारखंच असतं." बरं झालं म्हणाले. ते सगळं सर्व्हिस बुकात आहे, आणि सर्व्हिस बुक वाचून हसलेला किंवा रडलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. म्हणून एकाच गोष्टीबद्दल लिहिते. दूध पिताना बाळाला येणारा घाम.

एवढासा विषय, असं वाटेल. पण ज्या बाईच्या मांडीवर ते बाळ असतं तिला तो एवढासा वाटत नाही. नवीन आई बाळाचं काय काय बघत बसते, हे आमच्यासारख्यांनाच ठाऊक. शिंका किती आल्या, उचकी किती वेळ राहिली, शी हिरवी की पिवळी. त्यात बाळ अंगावर प्यायला लागलं की त्याचं टाळकं भिजतं, आईच्या कोपरापाशी ओला गोल डाग पडतो, आणि बाई आमच्या दारात येते.

शंभरातल्या बहुतेक बाळांचं काही बिघडलेलं नसतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे घरी नातवंड असलेल्यांचा फराळ गोड लागेल. दूध पिणं हे बाळाच्या आयुष्यातलं सगळ्यात कष्टाचं काम. आपण जिना चढतो तसं ते चोखतं. त्यात आईच्या अंगाची ऊब, डोकं कोपराच्या घडीत दाबलेलं, वर पत्र्याचं छप्पर आणि बाळाच्या अंगावर असतील नसतील तेवढे कपडे. घाम येईल नाहीतर काय होईल? आमच्या भागात तर कुंची असते. टोपी आणि पाठीवर लोंबणारा पडदा एकाच कापडात शिवलेला, हनुवटीखाली बंद. बाळाचा पहिला दागिनाच तो. पौषात ठीक आहे, पण आमच्या बाया वैशाखातही बाळाला कुंची घालून आणायच्या आणि वर विचारायच्या, "बाई, लेकराला घाम कामून येतो?"

तेव्हा मी सिल्लोड तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर होते. दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्यावर कडुनिंबाची सावली. महिन्यातून एका गुरुवारी लसीकरण. सकाळी बर्फाच्या डब्यातून लस यायची आणि तिच्या मागोमाग बाया. अंगाला वावडिंगाच्या धुरीचा वास, कडेला लेकरू, हातात फडक्यात बांधलेलं कार्ड. येताना कुणी दोन सीताफळं आणायचं, कुणी ओल्या मक्याची कणसं. मी बौद्धवाड्यातली, हे गावाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. काही घरांत मला पाणी वरून ओंजळीत मिळायचं, आणि त्याच घरातलं चार दिवसांचं बाळ मात्र न विचारता माझ्या हातात. मी मनात म्हणायचे, बायांनो, तुमचं सगळ्यात मोलाचं ते मला देऊन बसलात, पेल्याचं काय घेऊन बसता. हळूहळू पेलेही आले. पण तो वेगळा लेख होईल.

तर, घाम. माझं ठरलेलं उत्तर एकच होतं, "कुंची काढा." शंभरदा तेच म्हणून माझं नावच 'कुंची-काढा-बाई' पडलं होतं. सिल्लोडच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या घरची दादी नातवाला घेऊन यायची. जाडजूड, पान खाणारी, प्रेमळ बाई. म्हणायची, "सिस्टर, बच्चा दूध पीते-पीते पसीने में नहा जा रा. किसी की नजर लगी क्या?" मी बघितलं तर नातवाच्या डोक्याला लोकरीची टोपी, टोपीवर कुंची, कुंचीवर शाल. म्हटलं, "दादी, घर में पंखा है ना?" म्हणाली, "है ना, तीन-तीन हैं. पर बच्चे के कमरे का बंद रखते. हवा लग जाती." मी एकेक थर सोलत गेले. शेवटी आतून लालबुंद पोरगा निघाला आणि माझ्याकडं बघून खुदकन हसला. दादी म्हणाली, "या अल्ला, ये तो गरमी से परेशान था." पुढच्या गुरुवारी माझ्यासाठी शीरकुर्म्याचा डबा आला. अशा डब्यांनी माणसाचा विश्वास वाढतो, आणि जरा जास्तच वाढतो.

घामाचं दुसरंही एक कारण असतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या प्राथमिक केंद्रावर एक तरुण डॉक्टर आले होते. मासिक बैठकीत त्यांनी आम्हा नर्सेसना तासभर समजावलं होतं. एखाद्या बाळाच्या हृदयात जन्मापासून छिद्र असतं. जन्मतः काही कळत नाही. महिना-दीड महिन्यानं फुप्फुसांकडं जास्तीचं रक्त जायला लागतं आणि बाळ दमायला लागतं. मोठ्या माणसाला दम लागला तर जिन्यावर कळतो, बाळाला तो दूध पिताना कळतो. चार घोट घेतं, सोडतं, धापा टाकतं, पुन्हा धरतं. कपाळाला घाम येतो तो गरम नाही, गार. श्वासाबरोबर बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते. डॉक्टर म्हणाले होते, "नुसत्या घामाला घाबरू नका. घाम आणि वजन एकत्र बघा. अंगावरचं सगळं काढूनही घाम येतोय आणि वजन वाढत नाही, तर एक दिवसही थांबू नका." मी वहीत लिहून घेतलं होतं. अक्षर तेव्हा चांगलं होतं माझं.

त्याच वर्षीची गोष्ट. गावाच्या शिवेवर धनगरांचा एक वाडा, म्हणजे बिऱ्हाडांचा तळ, उतरलेला होता. आमच्याकडं धनगर पावसाळ्यात गावाजवळ राहतात आणि दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कोंबड्या घेऊन चाऱ्याच्या मागं निघतात. बाकीचे वाडे गेले होते. हा एकच मागं राहिला, कारण घरात बाळंतीण होती. तिचं नाव हौसा. वीस-बावीसची, काटक, बोलायला मोजकी. पहिलीच मुलगी, बानू. बरोबर सासू, धोंडाबाई. सासू वाईट मुळीच नव्हती. नातीवर जीव होता तिचा. फक्त जगात शेवटचा शब्द कुणाचा, याबद्दल तिच्या मनात कधी शंका आलेली नव्हती.

बानू दीड महिन्याची असताना पहिल्या डोसाला आली. हौसा म्हणाली, "बाई, पिताना हिला लई घाम येतो." मी कार्डावरून मानही वर केली नसेल. "कुंची काढा." आणि काय कुंची होती ती! घोंगडीचा तुकडा दुहेरी घेऊन शिवलेली, काठाला कवड्या, शेंड्याला घुंगरं, बंदाला काळा दोरा. धोंडाबाईनं स्वतः शिवलेली. मी ती काढली, बाळाला झोळीत घातलं. छताच्या कडीला टांगलेला काटा असायचा आमच्याकडं, वर गोल तबकडी आणि खाली कापडी झोळी. तीन किलो दोनशे भरली. सुई टोचली, कुंची हातात दिली आणि दुपारच्या उन्हात ती घालू नका म्हणून भाषण दिलं. धोंडाबाईला भाषण आवडलं नाही, पण कुंचीचं मी कौतुक केल्यामुळं तिनं ते खपवून घेतलं.

दुसरा डोस महिन्यानं, पौषातल्या गुरुवारी. त्या दिवशी सकाळपासून बोचरा वारा सुटलेला. अंगणवाडीची ताई रजेवर. गर्दी रोजच्या दुप्पट, वरून त्याच संध्याकाळी मासिक अहवाल द्यायचा होता. एक सुईला घाबरून पळालेलं पोर शोधण्यात अर्धा तास गेला. दुपार उलटली तेव्हा रांगेत शेवटी हौसा आणि तिची सासू उरल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा वाडा हलणार होता. या डोसासाठीच थांबले होते म्हणे. मी थंडीनं आणि घाईनं वैतागलेली. म्हटलं, राहू दे, कशाला उघडं करता लेकराला. आणि बानूला कुंचीसकट झोळीत घातली.

जिनं जन्मभर लोकांना कुंच्या काढायला लावल्या, तिनं त्या दिवशी काढली नाही. एवढंच घडलं, त्यात दैव वगैरे काही नव्हतं. हाताला कंटाळा आला होता.

काटा म्हणाला तीन किलो सहाशे. महिन्यात चारशे ग्रॅम वाढ. फार नव्हे, पण कार्डावरची रेघ वर गेली. हौसा म्हणाली, "बाई, कुंची काढूनच पाजते मी. तरी कपाळ गारगार वलं व्हतंय. चार घोट पिती आन् सोडती. आमचं एखादं कोकरू असं कास सोडून धापा टाकाया लागलं की ते…"

"गप," धोंडाबाई म्हणाली. "लेकराला कोकराची उपमा देती व्हय?"

आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "मेंढरांचं मेंढरांपाशी ठेव, हौसा. हे बघ कार्ड. वजन वाढलंय ना? मग कसली काळजी?"

धोंडाबाईनं लगेच ते उचललं. "आयकलं का? बाईनं सांगितलं ना वजन वाढलंय. चल, सामान बांधायचंय." मी टेबलाकडं वळून लसीच्या नोंदी करायला लागले. हौसानं बानूला झोळीतून काढलं. त्या ओट्यावरून उतरून जाताना मी सहज बघितलं. हौसानं आपल्या पदराचं टोक बाळाच्या डोक्यावरून घट्ट गुंडाळलं होतं आणि वाऱ्याकडं पाठ करून ती आडवी-आडवी चालत होती. मला ते दिसलं आणि त्याचा काहीही अर्थ लागला नाही.

अहवाल लिहून झाला तेव्हा दिवस कलत आला होता. झोळी काढून धुवायला न्यावी म्हणून काट्यापाशी गेले, तर काट्याची सुई शून्यावर नव्हती. तीनशेच्या रेघेवर उभी. आता हाही बिघडला, असं म्हणून मी तबकडीवर टिचकी मारली. सुई हलेना. मग झोळीत हात घातला, तर तळाशी घुंगरं वाजली.

कुंची तिथंच राहिली होती.

ती हातात घेऊन मी बाकावर बसले. तीन सहाशेतून तीनशे गेले, तीन तीनशे. महिन्यात शंभर ग्रॅम. त्या वयाचं बाळ आठवड्यात त्याहून जास्त वाढतं. घाम आणि वजन एकत्र बघा. वही काढून बघायची गरज नव्हती, सगळं तोंडपाठ होतं.

अंधार पडला म्हणून रात्र जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, ते शाळेवर जायच्या आधी त्यांच्या मोपेडवरून शिवेवर गेलो. तीन दगडांच्या चुली, त्यात कोमट राख आणि लेंड्यांचा सडा. वाडा गेला होता. कोणत्या वाटेनं, ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. कुणी म्हणालं पैठणकडं, कुणी म्हणालं कन्नडकडं.

इथपर्यंतची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. पुढचा तुकडा आजवर नेहमी गाळला. मी त्यानंतर आठ दिवस काही केलं नाही. म्हणजे उपकेंद्र चालवलं, भेटी दिल्या, पण त्या बाळामागं गेले नाही. मनाला समजावत होते की शंभर ग्रॅमनं काय होतं, पुढच्या गावची नर्स बघेल, डॉक्टरांना सांगितलं तर ते विचारतील की बाई, कुंचीसकट वजन कसं केलंत. खरं कारण शेवटचं होतं. मला लाज वाटत होती, आणि लाजेपायी मी एका लेकराचे आठ दिवस घालवले. कुंची कपाटात होती. कपाट उघडलं की घुंगरं वाजायची.

नवव्या दिवशी सिल्लोडच्या बाजारात धोंडाबाईचा एक भाऊबंद भेटला. वाडा वेरूळच्या अंगाला एका मक्याच्या रानात उतरलाय म्हणाला. शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतात, तशी बसवली होती. मी कुंची पिशवीत घातली, मास्तरांना शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढायला लावली आणि निघालो. मोपेड तेवढ्या लांब कधी गेली नव्हती. फुलंब्रीच्या पुढं दोनदा बंद पडली. मास्तर दोन्ही वेळा उतरले, प्लग पुसला आणि पुन्हा चालू केली.

वाटेत दिसेल त्याला विचारत होतो, "मेंढरं कुठं बसल्यात?" लेण्यांचा डोंगर दिसायला लागला, रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या, आणि इकडं खालच्या अंगाला जाळीच्या कुंपणात मेंढरं. कुत्री अंगावर आली. धोंडाबाईनं लांबूनच ओळखलं. "अगं बया, बाई! एवढ्या लांब?"

म्हटलं, "कुंची राहिली होती तुमची. ती द्यायला आले."

तिला इतका आनंद झाला की तिनं चुलीवर चहाच ठेवला, मेंढीच्या दुधाचा, आणि स्वतःच्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पेल्यात मला दिला. हौसा बानूला घेऊन बसली होती. मी कुंची पुढं केली. तिनं ती घेतली, माझ्याकडं बघितलं आणि हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. घोंगडीचा तुकडा परत मिळाला म्हणून एवढं हसू, असं मला तेव्हा वाटलं.

"हौसा, माझ्यासमोर पाज हिला," मी म्हणाले.

अंगावरचं सगळं काढायला लावलं. सावलीत, वाऱ्याला बसवलं. मास्तर मेंढरं बघायच्या निमित्तानं लांब गेले. बानूनं अंगावर धरलं. एक, दोन, तीन, चार. सोडलं. तोंड उघडं, नाकपुड्या हलतायत, बरगड्यांखाली खळगा पडतोय. पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. मी हाताची पाठ तिच्या कपाळाला लावली. माठाला हात लावल्यासारखं गार आणि ओलं. त्या थंडीत, उघड्या अंगावर.

मी म्हणाले, "हिला आजच्या आज औरंगाबादला न्यायचं." तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो.

धोंडाबाईचा चेहरा बदलला. "काय झालं? तुमी तर वजन वाढलंय म्हनला व्हता."

ती वेळ होती खरं बोलायची. आजूबाजूला माणसं जमली होती, हौसाचा नवरा काठी टेकून उभा होता, सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणाले, "काटा चुकला होता, मावशी. काटाच बिघडलेला निघाला."

"काट्याचंच मग," धोंडाबाई म्हणाली. "यंत्राचा काय भरवसा." तिनं माझ्यावर लगेच विश्वास ठेवला. हौसा बानूला पांघरुणात घेऊन उठली.

वेरूळहून एसटीनं गेलो. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग फोटो, मग हृदयाची तपासणी. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, आणि एव्हाना फुप्फुसांत पाणी धरायला लागलेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर सांगता आलं नसतं. मी मनात माझे आठ दिवस मोजले.

पुढं बानू महिनाभर दवाखान्यात होती. औषधं सुरू झाली, लघवीवाटे पाणी गेलं, धाप कमी झाली. अंगावरचं दूध काढून वाटी-चमच्यानं थोडं-थोडं पाजायला मी हौसाला शिकवलं. दर रविवारी मी डबा घेऊन जायचे. व्हरांड्यात बसून दोघी भाकरी खायचो. ती मेंढरांच्या गोष्टी सांगायची आणि मी ऐकायचे. कोणतं कोकरू जगेल हे पहिल्या दिवशी कसं ओळखायचं, हे मला तिनं सांगितलं. त्या वेळी मी नीट ऐकलं. दीड वर्षाची असताना मुंबईला ऑपरेशन झालं आणि पोरगी पळायला लागली.

नंतर प्राथमिक केंद्राच्या कार्यक्रमात माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि 'दक्ष परिचारिका' म्हणून भाषण. मी खाली मान घालून ऐकलं. लोकांना तो विनय वाटला. नारळाची चटणी केली. ती गोड लागली नाही असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण लागली.

मात्र त्यानंतर उपकेंद्रात मी काट्याशेजारच्या भिंतीत ओळीनं खिळे ठोकून घेतले. आधी कुंची खिळ्याला, मग बाळ झोळीत. थंडी असो, वारा असो, मंत्री येवोत. गुरुवारी त्या भिंतीवर रंगीबेरंगी कुंच्यांची रांग लागायची. लाल, हिरव्या, जरीच्या, जुन्या लुगड्याच्या. आज डोळे मिटले की नोकरीतलं पहिलं तेच दिसतं. आणि प्रत्येक आईला माझ्यासमोर दोन मिनिटं पाजायला लावायचे. पुढं शहरात बदली झाल्यावर फ्लॅटमधल्या मुली यायच्या. मोबाइलवर घामाची दहा कारणं वाचून अर्ध्या मेलेल्या असायच्या. ताप, थायरॉईड, साखर, हृदय, सगळं त्यांच्याच बाळाला. मी म्हणायचे, "ते ठेव बाजूला. ही जाड झबली काढ, पंखा लाव आणि पाज." बहुतेकींचा प्रश्न तिथंच सुटायचा. जिचा सुटायचा नाही तिला मी हात धरून डॉक्टरांकडं न्यायचे. आणि कुठलीही आई "याचं काहीतरी वेगळं वाटतंय" म्हणाली, की तिला पुन्हा कधी कार्ड दाखवून गप्प केलं नाही.

हा लेख लिहायला बसले तेव्हा 'काटा बिघडला होता' या वाक्यापाशी पेन अडलं. इतकी वर्षं तेच सांगत आले होते. छापून आलेलं खोटं बोललेल्या खोट्यापेक्षा जड असतं. म्हटलं, आधी जिला सांगायचं तिला सांगावं.

बानू आता चिकलठाण्याला एका कंपनीत पॅकिंगला जाते. मेंढरं चुलत्यांकडं गेली, धोंडाबाई वारली, आणि हौसा लेकीजवळ एका खोलीत राहते. मी रिक्षानं गेले. बानू कामावर होती. खोलीत विमानांचा आवाज येत होता आणि हौसा दारात मेथी निवडत बसली होती. केस पांढरे झालेत, पण पाठ तशीच ताठ. दोघी मेथी निवडायला लागलो.

मी म्हणाले, "हौसा, एक सांगायचंय. तेव्हा काटा बिघडलेला नव्हता."

"ठावं हाय की," ती म्हणाली.

"तुला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"बाई, लोकर इकाया नेली की येपारी आधी रिकामं पोतं तोलतो. बारदान वजा केल्याबिगर लोकरीचं वजन कळत नाय. आमच्या बारक्या पोरीला बी ठावं असतंय. तुमी बानूला कुंचीसकट तोललं, ते मला दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. कोकराचं बोलले, तर तुमी गप केलं. सासू बाजूला. तुमी तापल्याल्या. म्हनलं, मी आनखी बोलले तर कोन आयकनार हाय." तिनं मेथीची एक काडी मोडली. "पुसाच्या थंडीत लेकराची कुंची कोन इसरतं, बाई?"

मला ती वाऱ्याकडं पाठ करून चालताना दिसली. पदर बाळाच्या डोक्यावर.

"तुझ्या सासूला कळलं नाही?"

"वाडा हलल्यावर रस्त्यात कळलं. लई बोलली. म्हनली, माझ्या हातची कुंची, येंधळी कुठली, टाकून आली." हौसा हसली. तेच हसू, वेरूळच्या रानातलं. "म्हनलं, आपलं नाय तर नाय, काट्याचं तरी बाई आयकतील."

मी शेवटी म्हणाले, "मी त्याच संध्याकाळी ऐकलं होतं, हौसा."

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग उठली, आतून चहाचा कप आणला आणि माझ्यापुढं ठेवला.

"नऊ दिस," ती म्हणाली, "मी मागं बघत चालले व्हते."